खोडलेला काना

"निघालो, अज्जा. सात वाजेपर्यंत पोचतो," असं म्हणून मी फोन पर्समध्ये टाकला, तेव्हा शेजारी बसलेला तनय हसत होता. तनय पुण्याचा, आमच्याच टीममधला, बंगळूरला येऊन त्याला चार महिने झालेत. महादेवपुऱ्याहून बनशंकरीकडे जाणाऱ्या ऑफिसच्या कॅबमध्ये आम्ही दोघंच उरलो होतो. "निघालो? पोचतो? गौरी, तू मुलगा कधी झालीस?" मी म्हटलं, आमच्यात बायका असंच बोलतात, बेळगावकडच्या. आलो, गेलो, जेवलो. आई तशी बोलते, आत्या बोलते, पणजी बोलायची. "पण मेसेजमध्ये तर तू 'आले' लिहितेस." लिहिताना लिहिते, मी म्हटलं. दोन वर्षं पुण्यात एमएस्सीला होते, तिथे हसून हसून सगळ्यांनी शिकवलं. "मग खरी कुठली? बोलणारी का लिहिणारी?" त्याने हे सहज विचारलं, उत्तराची वाट न पाहता हेडफोन कानात घातले आणि डोळे मिटले. पुढे मराठहळ्ळीच्या पुलापर्यंत गाड्यांचे लाल दिवे लागले होते. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "स्वल्प लेट आगत्ते, मेडम." मी "सरी अण्णा" म्हटलं. आणि मग, प्रयोगशाळेत दोन वायरी उलट जोडल्या गेल्याचा संशय येतो, तसा मला संशय आला.

मांडीवरच्या बॅगेत एक वही होती. काळ्या पुठ्ठ्याची, शंभर वर्षांची, बाळबोध अक्षरातली. अज्जाने ती मला दोन आठवड्यांपूर्वी दिली. अज्जा म्हणजे माझे आजोबा, हरी. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये मापं तपासायचे पोलादी गेज घासून निवृत्त झालेले. मोतीबिंदूची पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी लोखंडी ट्रंक उघडायला लावली. "आता दिसायला लागलंय, गौरव्वा, तर एक काम उरलंय ते कर. मला एक बहीण हाय." मी हसले. ते हसले नाहीत. "ती नसंल आता. शंभराच्या वर असती. पण पोरं असतील, नातवंडं असतील. त्यांना शोध. त्यांना एवढंच सांगायचं, आम्हाला ठाऊक होतं आणि आम्ही आलो नाही." ट्रंकेत वहीखाली खण होते, इरकली काठाचे, घडी न मोडलेले. अज्जाला पहिला पगार मिळाला त्या वर्षापासून प्रत्येक भाऊबीजेला त्यांनी एक खण आणून ट्रंकेत ठेवला होता. घरात सगळ्यांना वाटायचं ते देवीचे आहेत. खणांच्या खाली एक फोटो होता. नऊवारी नेसलेली एक बाई, मान किंचित तिरकी, कपाळावर काळंभोर कुंकू, मागे रंगवलेला महाल. पाठीमागे शाईने लिहिलं होतं, 'हेमलता, १९२३'.

अज्जाचे वडील विठोजी, आमचे पणजोबा, मूकपटांत कामं करायचे. घरात हे फार कुणी सांगत नसे. बेळगावजवळच्या एका गावातून सतराव्या वर्षी ते पुण्याला गेले आणि तिथल्या एका लहान फिल्म कंपनीत शिरले. त्या कंपनीच्या फिल्मचा एकही फूट आज शिल्लक नाही. लग्न झालं तेव्हा त्यांना भरघोस मिशा होत्या, आणि सासरी त्यांनी सांगितलं की सिनेमात ते पहारेकरी होतात, सैनिक होतात, एकदा सेनापतीही झाले होते. मग बोलपट आले. त्यात त्यांना एकच वाक्य मिळालं होतं, दरबारात शिरून म्हणायचं, 'आलो, महाराज.' अज्जा म्हणतात, तेवढंही चुकलं, दुसऱ्या दिवशी कंपनीनं घरी पाठवलं. कसं चुकलं ते विठोजींनी कधी कुणाला सांगितलं नाही. पुढे ते कोल्हापूरला एका थिएटरात तिकिटं फाडायला दारात उभे राहिले. अज्जा दहा वर्षांचे असताना अव्वाला, म्हणजे अज्जाच्या आईला, माळा साफ करताना ही वही आणि हा फोटो सापडला. अव्वाला वाचता येत नव्हतं. तिचा भाऊ बंगळूरहून आला होता. त्याने वही चाळली, तीन पानांचे कोपरे दुमडले आणि ती तीन पानं मोठ्याने वाचून दाखवली. अज्जा दाराआड उभे होते. त्यांना ती पानं अजून पाठ आहेत. 'आज सातवा महिना. चालताना कमरेवर हात ठेवला.' 'नारायण दिवसभर आलाच नाही. वाट पाहत बसले. रडू आले.' 'मुलीला नदीवर ठेवून आले. मागे वळून पाहिले नाही.'

'आले.' 'बसले.' आमच्या अव्वाने जन्मात कधी 'आले' म्हटलं नव्हतं. ती 'आलो' म्हणायची, 'बसलो' म्हणायची. त्यामुळे तिला ऐकू आली ती नुसती बाई नव्हती, पुण्याकडची बाई होती, शुद्ध बोलणारी, लिहिता येणारी, मान तिरकी करून फोटो काढून घेणारी. नारायण कोण हे कुणाला कळलं नाही. निरोप्या असेल असं ठरलं. मामा म्हणाला, बाई ठेवली असती तर एक वेळ पोटात घातलं असतं, पण पोर नदीवर सोडायला लावणारा माणूस. विठोजी उंबऱ्यावर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "वाचून झालं असलं तर द्या ती इकडं." अव्वाने वही दिली नाही. आठ दिवसांत ती मुलाला घेऊन भावाकडे बंगळूरला आली आणि परत गेली नाही. अठ्ठावन्न साली कोल्हापूरहून विठोजी गेल्याची तार आली, तेव्हा एकवीस वर्षांच्या अज्जाने ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि कामावर गेले. मला हे सांगताना ते म्हणाले, "त्या दिवशी मी अकरा गेज घासले. एकपण रिजेक्ट झाला नाही." अभिमानाने म्हणाले का आणखी कशाने, ते मला ओळखता आलं नाही.

कॅब एक गाडीभर पुढे सरकली. लिहिताना एक, बोलताना एक. मग क्रियापदाचं शेपूट म्हणजे माणूस नव्हे. आमच्या घरातल्या बायका सात पिढ्या 'आलो' म्हणत आल्या आणि त्यांना कुणी पुरुष समजलं नाही, मग एखाद्याने 'आले' लिहिलं तर? ड्रायव्हर फोनवर बायकोला 'बंदे, बंदे' म्हणत होता. कन्नडमध्ये 'बंदे' म्हणजे आलोही आणि आलेही, बोलणारा कोण हे शब्दावरून कळतच नाही. ही वही कन्नडमध्ये असती तर अज्जा कोल्हापुरातच वाढले असते, असं एक विचित्र वाक्य माझ्या डोक्यात आलं. माझं काम कॅमेऱ्यांचे सेन्सर तपासण्याचं आहे. उजेड पडल्यावर सेन्सरने काय म्हणायला हवं आणि तो काय म्हणतो, यातला फरक मी दिवसभर मोजते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या स्कॅनरवर मी सगळी वही स्कॅन केली होती, पण वाचलेली होती ती दुमडलेली तीन पानंच. दोन आठवडे मी त्या तीन पानांवरून पुण्यातल्या अनाथाश्रमांना पत्रं लिहीत होते. दुसऱ्याने निवडून दिलेल्या तीन आकड्यांवरून एखाद्या विद्यार्थ्याने निष्कर्ष काढला असता तर मी त्याला काय म्हटलं असतं?

मी लॅपटॉप उघडला आणि फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. शाई पुसट होती, म्हणून अक्षरं मोठी करत गेले. दुसऱ्याच पानावर 'दमले' असा शब्द होता, आणि त्यातल्या ले आणि पुढच्या शब्दामध्ये एक उभी रेघ होती. आधी वाटलं सुरकुती. आणखी मोठं केलं. रेघ वरून खाली सरळ होती, वरच्या शिरोरेषेला चिकटलेली, आणि तिच्यावर दोन बारीक आडव्या रेघा मारलेल्या. काना होता. खोडलेला काना. 'लो' चा 'ले' करायला दुसरं काही करावं लागत नाही. मात्रा तशीच राहते, काना तेवढा खोडायचा. कुणीतरी 'दमलो' लिहिलं होतं, थबकलं होतं, आणि काना खोडून पुढे गेलं होतं.

मग मी मोजायला लागले, कारण घाबरल्यावर मी मोजते. एकतीस पानं. खोडलेले काने नऊ. त्यातले सहा पहिल्या पाच पानांत, उरलेले तीन पुढच्या सव्वीसांत. हा आलेख मला ओळखीचा होता, शिकणाऱ्याचा आलेख. माझे पुण्यातले पहिले मेसेज कुणी जपून ठेवले असते तर असाच निघाला असता. तिसऱ्या पानावर ते सरळ लिहिलेलंच होतं: 'लुगडे नेसल्यापासून सोडेपर्यंत बाईसारखेच बोलावे, लिहावेदेखील, असा मालकांचा हुकूम. चुकले की लुगडे सोडून पुन्हा पहिल्यापासून नेसायचे. तोंडातला पुरुष चालण्यात उतरतो म्हणतात. आज चारदा नेसले.' मूकपट होता. कुणालाही काहीही ऐकू येणार नव्हतं. आणि सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा, ज्याच्या घरी बायकासुद्धा 'आलो' म्हणतात, उन्हात बसून 'आले, आले' असं घोकत होता. बाईसारखं बोल म्हटल्यावर त्याला आईची आठवण झाली असेल, आणि आईसारखं बोलला असेल तर तेच नेमकं चुकलं असेल.

पुढची पानं मी वाचली नाहीत, ती माझ्यावर येऊन पडली. 'गालाला लाली लावली तर फिल्मवर काळी येते, देवीचे व्रण वाटतात. कुंकूही काळेच येते, पण ते शोभते.' बरोबर, त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. 'सकाळी दाढी, दुपारी दाढी.' 'नारायण ढगात गेला. सगळे कॅमेऱ्यावर छत्री धरून बसले. मीही बसले.' मी हे वाक्य दोनदा वाचलं. नारायण म्हणजे सूर्य. त्यांना दिव्यांवर काम करता येत नव्हतं, सगळं उन्हावर. ऊन गेलं की काम थांबायचं. पावसाळी दिवसांत एका मुलाने दिवसभर सूर्याची वाट पाहिली होती आणि लुगड्यात बसून वैतागून रडला होता, आणि आमचे लोक पंचवीस वर्षांनी त्या नारायणाचं आडनाव शोधत होते. मग तारखा. मामाने वाचताना तारखा गाळल्या होत्या. 'मंगळवार. आज मुलगी झाली. मालक खूश.' आणि दोन पानांनी, 'गुरुवार. आज सातवा महिना.' मुलगी मंगळवारी झाली होती आणि सातवा महिना गुरुवारी लागला होता, कारण सिनेमाचे प्रसंग गोष्टीच्या क्रमाने घेत नाहीत, मंगळवारी बहुधा पलंग मिळाला असेल आणि गुरुवारी बाग. आणि मधल्या बुधवारी, 'कालची मुलगी रडेना म्हणून आज दुसरी आणली. ही गप्प राहीना.'

मी हसत होते. आवाज न होऊ देता, तोंडावर ओढणी धरून. तनयने एक डोळा उघडला. "काय झालं?" "काही नाही. एक बाई नव्हती." "कोण?" "एक मुलगी पण नव्हती." त्याने हेडफोन काढला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा घातला. गाडी सिल्क बोर्डच्या चौकात येऊन थांबली होती. उजवीकडे बसमध्ये एक बाई मांडीवरच्या बाळाला केळं भरवत होती. मला वाटलं, नदीवर कुणी नव्हतं. एवढी वर्षं त्या नदीवर एक बाळ पडून होतं, अज्जाच्या प्रत्येक भाऊबीजेला ते एका वर्षाने मोठं व्हायचं, आणि ते तिथे कधीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आणलेली रडकी मुलगी नदीवरून उचलून तिच्या आईने बहुतेक तिथेच पाजली असेल. छातीत किती हवा मावते याची मला कल्पना नव्हती.

मग कोरमंगलाच्या पुढे कधीतरी ती हवा अडकली. मी अज्जाला सांगणार, बहीण नव्हती. ठीक. पण मग वडील निर्दोष होते हेही सांगणार. बहीण काढून घ्यायची आणि तिच्या जागी काय ठेवायचं? अकरा वर्षं एकटा राहिलेला माणूस, एक तार, अकरा गेज. न केलेल्या चुकीबद्दल क्षमा मागायची होती ती गेली, पण केलेली एक तिच्याखालून वर आली. न सांगितलं तर? अनाथाश्रमांची उत्तरं आली नाहीत म्हणून सांगता येईल, खोटंही नाही ते. आणि विठोजी का बोलले नाहीत? एक वाक्य पुरलं असतं: ही मीच. अज्जाने एकदा सांगितलं होतं की नाटकात लुगडं नेसणारा एक पोरगा त्यांच्या गावात लग्नाच्या पंगतीला बसला, तेव्हा मामा पान सोडून उठला होता. विठोजी त्याच पंगतीत होते, मिशांना पीळ देऊन. मग उंबऱ्यावर बसलेल्या त्या माणसासमोर दोन गोष्टी होत्या, आणि त्याने बायकोच्या नजरेत वाईट पुरुष होणं पत्करलं, चांगली हेमलता होणं नाही. मला त्यांचा राग आला. फार नाही, जयनगरपर्यंत पुरला तेवढाच. त्यानंतर मला दिसत राहिला तो काना, आणि त्यावरच्या दोन आडव्या रेघा, इतक्या बारीक, की मालकांना दिसू नयेत.

घरी पोचले तेव्हा सव्वासात झाले होते. अज्जा गॅलरीत उभे होते. "ट्रॅफिक?" "ट्रॅफिक," मी म्हटलं आणि चप्पल काढता काढताच सांगून टाकलं, कारण जयनगरनंतर मी काहीच ठरवलं नव्हतं. "अज्जा, हेमलता म्हणजे तेच. पणजोबाच. लुगडं नेसून."  ते आत गेले, टेबलाचा दिवा लावला, ड्रॉवरमधून टूलरूमचं भिंग काढलं आणि हात पुढे केला. मी वही दिली, दुसरं पान उघडून. नव्या डोळ्याला भिंग लावून ते बराच वेळ वाकून राहिले.

"हे मागनं कुणी खोडलं नाही कशावरनं?"

"पुढचा शब्द बघा. काना खोडून झाल्यावर जागा सोडून लिहिलाय. इतर ठिकाणी एवढी जागा नाही. शाई पण तीच."

"किती जागा?"

"मोजली नाही."

"मग मोज की."

मी पट्टी आणली. दीड मिलिमीटर, इतर ठिकाणी अर्धा. त्यांनी स्वतः पुन्हा मोजलं. मग मी त्यांना तिसरं पान वाचून दाखवलं, मग नारायण, मग मंगळवार आणि गुरुवार. दुसऱ्या मुलीपाशी आल्यावर त्यांनी हात वर केला. "स्वल्प थांब." मी थांबले. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"म्हंजे नदीवर कुणी नव्हतं."

"कुणी नव्हतं, अज्जा."

"खातरीनं?"

"खात्रीनं. एवढी खात्री मला ऑफिसात पण नसते."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. तळहात टेबलावर पालथे ठेवले, जसे ते जेवण झाल्यावर ठेवतात. "मी गेलो नाही आप्पाकडं," ते म्हणाले. मला हे येणार माहीत होतं. "तुम्ही दहा वर्षांचे होता." "तार आली तेव्हा एकवीसचा होतो." "हो." एवढंच मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, मी खोटं बोलले नाही हे बरं झालं अशी. मग म्हणाले, "अव्वा शेवटी शेवटी म्हणायची, त्या बाईचं नाक तुझ्यासारखं हाय रे, हरी. आम्ही म्हटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. वही जाळ म्हटलं तर जाळू दिली नाही." ते पुढे काही बोलतील असं वाटलं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. ओठ हलत होते, काहीतरी जुळवत असल्यासारखे. मग एकदम त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गौरव्वा. बोलपटातलं ते वाक्य. आलो, महाराज."

"हो."

"ते कसं चुकलं असंल?"

 त्यांना कळलेलं मला चेहऱ्यावर दिसत होतं.

"एवढ्या मोठ्या मिशा लावून," अज्जा म्हणाले, "ढाल-तलवार घेऊन, दरबारात आत शिरला आसंल, आणि..." त्यांना वाक्य पुरं करता येईना. खांदे हलायला लागले. मी पाणी आणायला उठले तर त्यांनी हातानेच बस म्हटलं. ते हसत होते, आवाज नव्हता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला पहिल्यांदा काळजी वाटली ती ऑपरेशन झालेल्या डोळ्याची. "पुरावा नाही, अज्जा," मी म्हटलं. "नसू दे," ते म्हणाले. "सगळ्याला पुरावा कशाला पायजे."

मग उठून त्यांनी ट्रंक उघडली. वरचा खण काढला, यंदाच्या भाऊबीजेला आणलेला, हिरवा. त्याची घडी मोडली. फोटो टेबलावर भिंतीला टेकवून उभा केला आणि खण त्याच्यासमोर ठेवला. नंतर पुन्हा भिंग घेतलं आणि फोटोजवळ वाकले. कुंकवापासून सुरुवात करून, नाकावर थांबून, हनुवटीपर्यंत हळूहळू खाली आले, गेजवरचा ओरखडा शोधताना जसं पाहतात तसं. मला वाटलं, ते क्षमा मागतील.

"चांगली दिसतेस की, आप्पा," अज्जा म्हणाले.